इफेक्ट प्लगइन्स लपवा, उडवू नका: भजन-दशावतार रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वेंगुर्ल्याकडचे. गावातल्या भजन मंडळांची आणि दशावताराची रेकॉर्डिंग करतात, त्यासाठी ऑडॅसिटी आणि रीपर ही दोन्ही रेकॉर्डिंग-मिक्सिंगची सॉफ्टवेअर वापरतात. नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराने ‘सगळे प्लगइन्स’, म्हणजे आवाजावर इफेक्ट लावणारे जोड-प्रोग्रॅम, ‘भरून’ दिले. आता इफेक्टची यादी संपता संपत नाही, एकच नाव दोन-तीनदा दिसतं, सॉफ्टवेअर उघडताना मध्येच अडकतं आणि गेल्या गणपतीतले रीपरचे प्रोजेक्ट उघडले की अर्धे इफेक्ट सापडत नाहीत. यादी लावायची कशी, उडवायचं काय, आणि ऑडॅसिटी सोडून पूर्ण रीपरवर जावं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यादीतून बिनधास्त लपवा, डिस्कवरून घाईने काही उडवू नका, आणि जे उरेल ते कामाच्या क्रमाने लावा. कुडाळात माझी छोटी मिक्सिंगची खोली आहे. तिथे अशा भरून दिलेल्या मशीन बऱ्याच येतात, आणि त्यातला बहुतेक त्रास लपवणं आणि उडवणं यातला फरक न कळल्यामुळे झालेला असतो.

प्लगइन हे ऑडॅसिटीच्या किंवा रीपरच्या पोटात नसतं. ती डिस्कवरची वेगळी फाइल असते. सॉफ्टवेअर सुरू होताना ठरावीक फोल्डर चाळतं, काय सापडलं त्याची नोंद स्वतःच्या वहीत करतं आणि मेनू त्या नोंदीवरून दाखवतं. ऑडॅसिटीच्या प्लगइन मॅनेजरमध्ये एखादं नाव बंद केलंत तर ते फक्त मेनूतून जातं. फाइल जागच्या जागी असते, दुसरं सॉफ्टवेअर ती वापरू शकतं आणि उद्या मन बदललं तर पुन्हा चालू करता येतं. फाइल उडवलीत तर मात्र ज्या ज्या प्रोजेक्टने तिच्यावर भरवसा ठेवला होता तिथे भोक पडतं. तुमचे गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट याच भोकांमुळे अडलेत. जुन्या लॅपटॉपवर जे होतं ते नव्यावर नाही, किंवा आहे पण वेगळ्या जातीचं आहे.

जातीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुहेरी नावांचं मूळ तिथे आहे. स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी हा प्लगइनचा प्रकार १९९६ मध्ये आणला, व्हीएसटी२ १९९९ मध्ये आणि व्हीएसटी३ २००८ मध्ये. २०१८ मध्ये त्यांनी व्हीएसटी२ बनवण्याचं सामान नव्या कंपन्यांना देणं बंद केलं. मधल्या दहा वर्षांत निघालेली कितीतरी प्लगइन्स दोन्ही प्रकारांत येतात, आणि इन्स्टॉलर दोन्ही खुणा आधीच लावून ठेवतो. आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो. झालं, एकाच ईक्यूची (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टची) दोन रूपं यादीत बसली. मॅक असेल तर ऑडिओ युनिट हे तिसरं. काही कंपन्या मोनो आणि स्टिरिओची नावं वेगळी दाखवतात, तिथे आकडा आणखी फुगतो. जुन्या पॅकमध्ये ३२ बिटची प्रतही असते. ६४ बिट ऑडॅसिटी ती उघडतच नाही. रीपर विंडोजवर तिच्यासाठी मधला पूल बांधून उघडतो, पण पुलावरून जाताना कधी कधी कोसळतो.

नव्या कामाला व्हीएसटी३ धरा आणि बाकीची रूपं लपवा. जुना प्रोजेक्ट व्हीएसटी२ वर बांधलेला असेल तर रीपर त्याच्या जागी आपण होऊन व्हीएसटी३ बसवेलच असं नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी प्लगइन्स. म्हणून व्हीएसटी२ च्या फाइल्स डिस्कवर राहू द्या, नजरेआड करा. रीपरमध्ये प्लगइन सापडलं नाही तर चेनमधली, म्हणजे ट्रॅकवर ओळीने लावलेल्या इफेक्टमधली, ती रिकामी दिसणारी जागा काढून टाकू नका. तिच्यात नाव आणि सेटिंग दोन्ही शिल्लक असतं. तेच प्लगइन, त्याच जातीचं, पुन्हा बसवलंत की जागेवर येतं. ‘मिसिंग’ दिसलं म्हणून लगेच डिलीट करणाऱ्यांना मग बुवांचा, म्हणजे मुख्य गायकाचा, आवाज पहिल्यापासून जमवत बसावं लागतं.

ऑडॅसिटीत हे दुखणं कमी का, तेही बघा. तिथे इफेक्ट मेनूतून निवडलेल्या भागावर जे लावता ते थेट आवाजात मुरतं. नंतर प्लगइन गेलं तरी आवाज तसाच राहतो. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून ट्रॅकवर रिअल-टाइम इफेक्ट लावायची सोय झाली. ते मात्र मुरत नाहीत, वाजवताना चालू असतात, त्यामुळे तिथे ‘सापडत नाही’ हा प्रकार होऊ शकतो. सगळेच इफेक्ट रिअल-टाइम चालतात असंही नाही. नॉइज रिडक्शन चालत नाही, नायक्विस्ट या ऑडॅसिटीतल्या भाषेत लिहिलेले चालत नाहीत. आणि दुकानदाराने तबला-पियानोची वाद्यं टाकून दिली असतील तर ती ऑडॅसिटीत शोधू नका. ऑडॅसिटी इफेक्ट घेते, व्हीएसटी वाद्यं घेत नाही.

आता फोल्डर. विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली असते: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. ती हलवू नका. आत आपल्या सोयीने फाइल्स इकडच्या तिकडे केल्यात तर पुढच्या अपडेटला इन्स्टॉलर मूळ जागी नवी प्रत ठेवतो आणि दुहेरी नावं पुन्हा सुरू. व्हीएसटी२ ला असं एकच घर नाही. कुणी प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकतं, कुणी स्टाइनबर्गच्या नावाच्या फोल्डरमध्ये, कुणी डेस्कटॉपवर. तुमच्यासाठी एकच फोल्डर ठरवा, यापुढची सगळी व्हीएसटी२ तिथेच बसवा आणि रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटीच्या पानावर त्याचाच पत्ता द्या. फोल्डरचं नाव रोमन लिपीत, साधं, मोकळ्या जागा न सोडता ठेवा. विंडोजचं युजरनेम मराठीत असेल तर काही जुनी प्लगइन्स आपले प्रीसेट (नाव देऊन ठेवलेली सेटिंग) शोधताना गोंधळतात.

उघडताना अडकतं त्याचं काय? चाळणी चालू असताना पडद्यावर ज्याचं नाव येतं तेच बहुधा गुन्हेगार. नाव दिसत असेल तर सॉफ्टवेअर बंद करा, ती फाइल व्हीएसटी फोल्डरच्या बाहेर ‘बाजूला’ म्हणून केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, पुन्हा सुरू करा. नाव दिसायच्या आधीच सगळं गोठत असेल तर निम्म्या फाइल्स बाजूला काढा. सुरू झालं तर दोषी बाजूला काढलेल्यांत आहे, नाही झालं तर उरलेल्यांत. मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. २५६ फाइल्स असल्या तरी आठ फेऱ्यांत एकावर येता. एकेक करून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं, फक्त प्रत्येक फेरीला काय कुठे ठेवलं ते कागदावर लिहा. दोषी सापडल्यावर बाकीच्या फाइल्स परत ठेवून रीपरमध्ये ‘क्लिअर कॅश अँड री-स्कॅन’ करा. नुसतं ‘री-स्कॅन’ दाबलंत तर जुनी नोंद तशीच राहू शकते.

आणि खरं सांगायचं तर अडकणाऱ्यांत पहिला संशय क्रॅक केलेल्यांवर घ्या. पेनड्राइव्हवरून भरून दिलेला पॅक म्हणजे कुलूप फोडलेली प्लगइन्स, बरोबर काय आलं असेल ते देव जाणे. नैतिकतेचं प्रवचन देत नाही, व्यवहाराचं सांगतो. त्यांना अपडेट मिळत नाही, अँटिव्हायरस त्यातल्या अर्ध्या फाइल्स परस्पर उचलतो, आणि ऐन कामाच्या दिवशी विंडोजचं अपडेट येऊन एक-दोन बंद पडतात. तुम्ही घेताय ते काम त्यांच्याशिवाय होतं. रीपरबरोबर येणारं रीॲईक्यू, रीॲकॉम्प, रीॲफिर, रीॲव्हर्बेट हीच तुमची पहिली फळी. ती रीपरबरोबरच बसतात आणि बरोबरच अपडेट होतात, म्हणून नव्या लॅपटॉपवर हरवत नाहीत. शिवाय ती कंपनी यातली बरीचशी ‘रीॲप्लग्ज’ नावाने फुकट वेगळीही देते. त्यावर चार बाहेरची फुकट घ्या: टीडीआर नोव्हा, व्हॉक्सेंगो स्पॅन, युलीनचं लाउडनेस मीटर आणि रिव्हर्बसाठी, म्हणजे जागेचा घुमारा देण्यासाठी, ओरिलरिव्हर. यावर वर्षभर काम करा आणि मग काय कमी पडतं ते बघा.

आता मांडणीकडे येऊ. कंपनीच्या नावाने लावलेली यादी दिसायला शिस्तीची असते, पण काम करताना कंपनी आठवत नाही. आठवतं ते ‘बुवांचा आवाज नाकात जातोय’ किंवा ‘झांज कानात घुसतेय’. यादी त्या वाक्याला उत्तर देणारी हवी. ऑडॅसिटीत प्रेफरन्सेस, इफेक्ट्स इथे मेनूची रचना बदलता येते: कामाच्या गटांनी, नावाने, कंपनीने, प्रकाराने. कामाच्या गटांची मूळ रचना ठेवा. बाहेरची प्लगइन्स त्या गटांत नीट बसत नाहीत, वेगळी खाली येतात, म्हणून तिथे लपवणं हेच मुख्य हत्यार. प्लगइन मॅनेजर उघडा, सगळी बंद करा आणि आपल्याला लागणारी तेवढीच एकेक चालू करा. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे नको असलेली एकेक बंद करत बसलात, तर ‘हे कधीतरी लागेल’ म्हणत निम्मी ठेवाल.

रीपरमध्ये जास्त मोकळीक आहे. एफएक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे फोल्डर करता येतात आणि एकच प्लगइन दोन फोल्डरमध्ये ठेवता येतं. तिथे टाकलं म्हणून फाइल हलत नाही, तो नुसता पत्ता असतो. माझ्याकडची रचना सांगतो. ‘१ साफसफाई’मध्ये नॉइज, गुंजन आणि ‘स’-‘श’ची शीळ काढणारे. ‘२ ईक्यू’मध्ये फक्त दोन. ‘३ दाब’ म्हणजे मोठा आवाज दाबणारे कॉम्प्रेसर आणि लिमिटर. ‘४ जागा’ म्हणजे रिव्हर्ब आणि डिले. ‘५ मोजमाप’मध्ये मीटर. आकडे आवाज ज्या क्रमाने जातो त्या क्रमाचे आहेत, त्यामुळे नव्या पोराला बसवलं तरी वरून खाली जात राहतो. याखेरीज ‘०’ नावाचा एक फोल्डर आहे, ‘रेकॉर्डिंगला चालणारे’. त्याचं कारण पुढे येतं.

रिव्हर्ब दोनच ठेवा, असा माझा हट्ट आहे. मंडळांना ‘इको’ हवा असतो, आणि यादीत दहा रिव्हर्ब असले की संध्याकाळ त्यातच जाते. कौलारू देवळातलं रेकॉर्डिंग असेल तर जागा आधीच आवाजात आलेली असते, तिथे एकाचीही गरज नसते.

एक डबल बारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, डोळ्यांसमोर घेऊ. पत्र्याचा मांडव, बुवांसमोर माइक, पेटीला एक, पखवाजाला एक, कोरसला एक किंवा दोन. बाहेर पावसाची सर येते-जाते, माइकची केबल लाइटिंगच्या वायरीशेजारून गेली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुंजन ५०, १००, १५० असं पायऱ्यांनी येतं. त्यावर सरसकट हाय-पास (ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा) न लावता या जागांवर बारीक खाच पाडणारा ईक्यू लावायचा. हा माझ्याकडे ‘१’मध्ये प्रीसेट म्हणून तयार आहे. बुवांच्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढलं तर बिघडत नाही. तोच हाय-पासचा प्रीसेट चुकून पखवाजाला लागला तर? पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात ती त्या खालच्या घुमाऱ्यासाठीच. तुम्ही तोच कापून टाकलात, आता उरली नुसती टकटक. म्हणून प्रीसेटच्या नावात वाद्य आलंच पाहिजे. ‘हायपास १’, ‘हायपास नवा’, ‘फायनल २’ असली नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत. काम, वाद्य, जागा या क्रमाने लिहा: ‘हायपास-बुवा-मांडव’, ‘खाच५०-पेटी-देऊळ’. लिपी इथेही रोमन ठेवा, काही प्लगइन्सच्या खिडकीत देवनागरीचे चौकोन होतात.

नॉइज रिडक्शन हा या सगळ्यातला सर्वांत जास्त गैरवापर होणारा इफेक्ट. ऑडॅसिटीत असो की रीॲफिरच्या वजाबाकीच्या पद्धतीत, आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो. लोक काय करतात, गजर सुरू व्हायच्या आधीची शांत वाटणारी दोन सेकंदं निवडतात. तेव्हा कुणी गात नसतं, पण सूरपेटी चालू असते. मशीनला वाटतं की तो षड्ज म्हणजेच गोंगाट. मग अख्ख्या भजनातून तो सूर आणि त्याची भावंडं पुसली जातात, आणि पेटीवाला ऐकून विचारतो, ‘माजी पेटी खंय गेली?’ नमुना घ्यायचा तर सूरपेटी बंद असताना. मंडळ बसायच्या आधी माइक चालू ठेवून अर्धा मिनिट मांडव तसाच रेकॉर्ड करून घ्या. नंतर त्याला सोन्याचं मोल येतं. पावसाच्या सरीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो, आणि नमुना त्या एकाच क्षणाचा असतो.

झांजेचंही तसंच. ती बुवांच्या माइकमध्ये शिरणारच. त्यावर कॉम्प्रेसर कडक लावला की बुवा श्वास घ्यायला थांबतात तेवढ्यात तो आवाज उचलतो आणि झांज पुढे धावून येते. इथे टीडीआर नोव्हासारखा डायनॅमिक ईक्यू कामाला येतो. झांज वाजेल तेव्हाच वरचा पट्टा दाबायचा, एरवी सोडून द्यायचा. असं प्लगइन मी ‘२’ आणि ‘१’ दोन्ही फोल्डरमध्ये ठेवतो, कारण कधी ते ईक्यू म्हणून आठवतं, कधी सफाई म्हणून.

चेन तयार झाली की ती जपा. रीपरमध्ये एफएक्सच्या खिडकीत राइट क्लिक करून पूर्ण चेन एका नावाने ठेवता येते. त्याहून पुढचं म्हणजे ट्रॅक टेम्प्लेट, ज्यात ट्रॅकचं नाव, रंग, रिव्हर्बकडे आवाज पाठवणारा सेंड सगळं येतं. बुवा, पेटी, पखवाज, झांज, कोरस एवढे ट्रॅक एकदा नीट लावून टेम्प्लेट केले की पुढच्या बारीला प्लगइनची यादी उघडावीच लागत नाही. यादी लावण्याचा खरा फायदा मला तिथे दिसतो. ऑडॅसिटीत हे काम मॅक्रो करतो: टूल्समधल्या मॅक्रो मॅनेजरमध्ये इफेक्टचा क्रम सेटिंगसकट लिहून ठेवायचा आणि फाइलींच्या ढिगावर एकदम चालवायचा. ग्रामपंचायतीच्या दवंडीच्या क्लिप्स किंवा शाळेची भाषणं असतील तर मॅक्रोइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

रीपरच्या चेनमध्ये प्रत्येक इफेक्टचं नाव त्या जागेपुरतं बदलता येतं, त्यावर एफ२ दाबून. ही सवय लावून घ्या. ‘रीॲईक्यू, रीॲईक्यू, रीॲकॉम्प’ असं दिसण्यापेक्षा ‘नाकातला आवाज’, ‘माइकजवळ आल्यावरची जाडी’, ‘झांज दाब’ असं दिसलं की दोन वर्षांनी प्रोजेक्ट उघडल्यावर कुठला का लावला होता ते शोधावं लागत नाही. शिवाय प्लगइन हरवलं तरी काम काय होतं ते नावावरून कळतं, मग दुसऱ्या कुठल्याही ईक्यूने ते करता येतं. नाव बदलताना मूळ प्लगइनचं नाव शेवटी राहू द्या.

आता ‘०’ फोल्डर. काही इफेक्ट आवाज थोडा पुढून बघून मग निर्णय घेतात, त्यामुळे ते उशीर करतात. वाजवताना सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढे मागे सरकवून हिशोब जुळवतं, म्हणून मिक्स करताना आपल्याला काही जाणवत नाही. पण गाणाऱ्याच्या हेडफोनला तो उशीर जसाच्या तसा जातो. हा उशीर सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या बारीक तुकड्यांत मोजतात. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या थोडं वर, ते चालतं. लिनिअर फेज ईक्यूने ४०९६ सॅम्पल घेतले तर झाले ८५ मिलिसेकंद, आणि मग पखवाजवाला ठेक्याच्या मागे पडायला लागतो, चिडतो, आणि दोष माइकला देतो. रीपरच्या एफएक्स खिडकीत खालच्या बाजूला सीपीयूच्या शेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो. शून्य किंवा अगदी किरकोळ असेल ते ‘०’मध्ये, बाकीचे नाही. हेडफोनवर बुवांना थोडा रिव्हर्ब हवाच असतो, त्यासाठी एक हलका, उशीर न करणारा तिथे ठेवा.

बायपास आणि ऑफलाइन यातलाही फरक माहीत असू द्या. बायपास केलेलं प्लगइन मेमरीत बसून राहतं, ऑफलाइन केलेलं बाहेर जातं. लॅपटॉप धापा टाकत असेल तर वापरात नसलेले ऑफलाइन करा, किंवा तयार झालेला ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे इफेक्ट आवाजात मुरवून ठेवा.

मीटरबद्दल थोडक्यात. स्पॅन आणि लाउडनेस मीटर मास्टरवर सगळ्यात शेवटी, लिमिटरच्याही नंतर. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठा आवाज खाली आणतं, म्हणून ‘शेजारच्या मंडळापेक्षा मोठा’ करण्यात अर्थ नाही. वरचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा.

नव्या लॅपटॉपवर जाण्याची पद्धत. जुनं मशीन विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी विकतची प्लगइन्स त्यावरून डीॲक्टिव्हेट करा. बऱ्याच कंपन्या ठरावीक मशीनपुरतीच परवानगी देतात आणि मेलेल्या हार्ड डिस्कवरची परवानगी सोडवून घ्यायला ईमेल करत बसावं लागतं. प्रत्येक इन्स्टॉलर, त्याची आवृत्ती आणि लायसन्स की बाहेरच्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये ठेवा. जुनी आवृत्ती पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये जनरलच्या पानावर कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करायची सोय आहे, ती वापरा. ऑडॅसिटीचे मॅक्रो आणि प्रीसेट वेगळे एक्सपोर्ट करावे लागतात. ती डिस्क पावसाळ्यात कपाटात तशीच टाकू नका. आपल्या हवेत बुरशी कॅमेऱ्याच्या लेन्सला सोडत नाही, डिस्कच्या कनेक्टरला काय सोडणार. हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून.

या सगळ्याहून मोठा विमा म्हणजे स्टेम्स, प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल. काम दिलं की प्रत्येक ट्रॅक दोनदा रेंडर करा, एकदा कोरा आणि एकदा इफेक्टसकट, सगळे एकाच सुरुवातीपासून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो फाइलला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. ८ ट्रॅक, अर्धा तास म्हणजे २ जीबी, दोन्ही प्रती धरल्या तरी ४. डिस्कच्या आजच्या भावात हे काहीच नाही. मग प्लगइन गेलं, कंपनी बुडाली, रीपर सोडून दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलात, तरी काम उघडतं. तुमच्या गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी जुना लॅपटॉप अजून चालू असेल तर आज तेच करा, बाकी सगळं नंतर.

इंटरनेट विचारून मगच उघडणारी प्लगइन्स बाहेरच्या कामाला नेऊ नका. आषाढात दोन दिवस लाइट नाही, टॉवरची बॅटरी उतरली, आणि मशीन म्हणतं लायसन्स तपासायचंय. अशांना ‘घरी’ नावाचा वेगळा फोल्डर करा. अपडेट कधी करायचे यालाही आपला हंगाम आहे. दशावताराचे नाटकप्रयोग आटोपले आणि अजून गणपतीची रेकॉर्डिंग सुरू झाली नाहीत, तो मेअखेर ते मृगाच्या आसपासचा काळ बरा. तेव्हा अपडेट करा, दोन-तीन जुने प्रोजेक्ट उघडून बघा, आवाज तोच येतो का ऐका. श्रावण लागला की अनंत चतुर्दशीपर्यंत काहीही नवं बसवायचं नाही, कितीही मोठी सूट लागली तरी.

ऑडॅसिटी सोडावी का? सोडू नका, काम वाटून द्या. एका माइकचं भाषण, कीर्तन, क्लिप कापणं, झटपट साफसफाई यात ऑडॅसिटी हलकी आणि फुकट आहे. तीनपेक्षा जास्त माइक आले, ट्रॅकवर वेगवेगळ्या चेन लागल्या, की रीपर. त्याला चाचणीसाठी ६० दिवस पूर्ण मोकळीक असते, नंतर छोट्या व्यावसायिकासाठीचं लायसन्स ६० डॉलरचं. दोन्ही एकाच मशीनवर एकाच व्हीएसटी३ फोल्डरवर चालतात. फक्त ऑडॅसिटीत दहा-बारा इफेक्टच चालू ठेवा, बाकीचा पसारा रीपरला सांभाळू द्या.

क्रम असा धरा: आधी जुन्या मशीनवरून स्टेम्स, मग अडकणारी फाइल शोधणं, मग ऑडॅसिटीत सगळं बंद करून मोजकं चालू करणं, आणि रीपरचे फोल्डर सवडीने. एवढं करूनही उघडताना अडकत असेल तर कुठल्या नावावर अडकतं, ऑडॅसिटीची आणि विंडोजची आवृत्ती कोणती, आणि ते प्लगइन पॅकमधून आलेलं की कंपनीच्या साइटवरून, एवढं कळवा. पॅकमधलं असेल तर विचारायच्या आधीच बाजूला काढा.